तोंडातला ठेका, गळ्यातला सूर

वाचकाचं पत्र

ताई, मी नाशिकला सिडकोत राहतो. वय २०, एस. वाय. बी. कॉम.ला आहे. सात वर्षांचा असल्यापासून गाणं शिकतोय, मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा झाल्यात. नववीत असताना मोबाइलवर बघून बीटबॉक्सिंग, म्हणजे तोंडाने ड्रमचे आवाज काढून ठेका धरणं, शिकलो. आता कॉलेजच्या गॅदरिंगला आणि गणपतीच्या मंडळांत मला लोक त्यासाठीच बोलावतात. एका हिंदी वाहिनीच्या गाण्याच्या स्पर्धेची ऑडिशन दिली होती. दोन फेऱ्या पार झाल्या, तिसरी पुढच्या महिन्यात मुंबईत आहे. तिथले लोक म्हणाले, "गाणारे खूप येतात, तू बीटबॉक्सिंग वाढव." गुरुजींना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "तोंडाने पत्रे वाजवायचे असतील तर माझ्याकडे येऊ नकोस. गळा घालवून बसशील." बाबा अंबडला एका कंपनीत आहेत. त्यांना वाटतं, वर्ष वाया जाईल. निवड झाली तर करारावर सही करावी लागेल, त्याचीही भीती वाटते. आणि एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. फॉर्ममध्ये घरची परिस्थिती विचारली होती, तिथे मी आईचं डायलिसिस चालू आहे असं लिहिलं. तेव्हापासून त्यांचा फोन आला की गाण्यापेक्षा आईबद्दलच जास्त विचारतात. मला गायचंय, ताई. पण काय करू ते कळत नाही.

— एक वाचक, सिडको, नाशिक

ताईंचं उत्तर

तू जी गोष्ट अगदी शेवटी लिहिलीस, तिथूनच मी सुरुवात करते. बाकीच्या प्रश्नांना महिनाभर वेळ आहे. तो फोन मात्र उद्याही येईल.

आईचं आजारपण ही आईची गोष्ट आहे. ती सांगायची का, किती सांगायची, कॅमेऱ्यासमोर सांगायची का, हे तिने ठरवायचं. तू नाही, बाबांनी नाही, आणि वाहिनीच्या माणसांनी तर नाहीच. आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास यंत्राला जोडून पडून राहणं म्हणजे काय, हे तू घरात बघतोस. तिथे कॅमेरा आलेला तिला चालेल का? कदाचित चालेलही. मुलाच्या यशात आपणही दिसावं असं मनापासून वाटणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत, त्यात गैर काही नाही. पण तिला न विचारता हे एक पाऊलही पुढे जाता कामा नये. आज रात्री जेवणं झाली की तिच्याजवळ बस आणि फॉर्ममध्ये काय लिहिलंस ते सांग. तिला राग आला तर येऊ दे. तो आजच आलेला बरा.

हे इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीबरोबर मी अशाच एका ऑडिशनला गेले होते. सकाळी साडेसहाला रांगेत उभ्या राहिलो, दुपारी तिचा नंबर लागला. तिचं गाणं मिनिटभरही ऐकलं नसेल. त्यानंतर तिचे वडील कधी गेले, कसे गेले, तेव्हा घरात कोण होतं, हे मात्र खोदून खोदून विचारलं. ती रडेपर्यंत विचारलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बाई, मी चांगली गायले का, हे कोणी सांगितलंच नाही." मी तिथेच उभी होते आणि त्या माणसाला "आता पुरे" म्हणाले नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुझ्यासाठी शब्दच लिहून देते: "आईची तब्येत हा आमच्या घरचा विषय आहे. तिच्या परवानगीशिवाय मी बोलणार नाही. गाण्याबद्दल काहीही विचारा." शांतपणे म्हण, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच म्हण.

यामुळे निवड हुकेल का? हुकू शकते, तुला खोटा धीर देणार नाही. टीव्हीला गाण्याबरोबर गोष्ट लागते. पण तुझ्याकडे सांगण्यासारखी दुसरी गोष्ट आहे, आणि ती तुझी स्वतःची आहे. एकाच मुलाने ताल गुरुजींसमोर बसून हातावर टाळी-खाली देत (कुठे टाळी, कुठे मोकळा हात, अशा मात्रा मोजत) शिकला, आणि तोच ताल पुन्हा मोबाइलच्या पडद्यावरून ओठांनी शिकला. तुझ्या पत्रात या दोन्ही गोष्टी जणू दोन वेगळ्या मुलांच्या असाव्यात तशा आल्या आहेत. तुझी खरी अडचण मला तिथे दिसते, त्यामुळे आता त्याबद्दलच जरा सविस्तर लिहिते.

आधी गळ्याचं. गुरुजी रागावून बोलले, पण त्या रागाच्या पोटात भीती आहे, आणि ती अनाठायी नाही. ज्यांनी तेरा वर्षं तुझा आवाज घडवला, आवाज फुटायच्या वयात तो सांभाळून घेतला, त्यांना धास्ती वाटणारच. तरीही बीटबॉक्सिंगने गळा जातोच, असं नाही. त्यातले मूळचे बरेच आवाज ओठ, जीभ आणि तोंडात दाबून धरलेली हवा यांवर निघतात. स्वरतंतू तेव्हा थरथरतही नसतात. धोका दुसरीकडे आहे. तुम्ही मुलं ज्याला थ्रोट बास म्हणता तो घोगरा खर्ज काढताना स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांवर ताण येतो. तासन् तास तोंडाने हवा आत-बाहेर केली की घसा कोरडा पडतो. आणि स्टेजवर मॉनिटर (आपलाच आवाज आपल्याला ऐकवणारा स्पीकर) ऐकू येत नसेल तर मुलं नकळत जोर लावतात. म्हणून सकाळी आधी गाण्याचा रियाज, बीटबॉक्सिंग नंतर. गायचं असेल त्या दिवशी थ्रोट बास पूर्ण बंद. पाणी थोडं थोडं, दिवसभर. घसा बसला की कुजबुजत बोलायचं नाही, सरळ गप्प बसायचं. दुखायला लागलं की तिथेच थांबायचं. आणि आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर काढे बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं.

आता तालाकडे वळू. बीटबॉक्सिंग न्यूयॉर्कच्या हिप-हॉपमधून आलं. १९८०च्या सुमारास तिथे ड्रम मशीनला बीटबॉक्स म्हणत. त्या यंत्राचे आवाज मुलं तोंडाने काढू लागली आणि डग ई. फ्रेश, बिझ मार्की, बफी ही नावं त्यातून पुढे आली. हे तुला माहीत असेलच. आता आपली वर्णमाला डोळ्यासमोर आण. तुझा किक ड्रम, तो खोल ठोका, ओठांवर फुटतो, म्हणजे प-फ-ब-भच्या घरात. हाय-हॅट, तो झांजेचा आवाज, दातांमागे, म्हणजे त-थ-द-धच्या घरात. क-स्नेअर, तो कडक फटका, जिभेच्या मागच्या बाजूला, कंठ्य वर्णांच्या घरात. ओष्ठ्य, दंत्य, कंठ्य. पहिलीत बाराखडी गिरवताना जी जागा शिकलास, तीच. २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एका बीटबॉक्सरला एमआरआय यंत्रात निजवून त्याच्या जिभेच्या हालचाली टिपल्या. त्याला इंग्रजी आणि स्पॅनिश येत होतं. पण त्याच्या तोंडून जगातल्या ज्या भाषांशी त्याचा काहीच संबंध नव्हता, त्यांच्यातल्या ध्वनींसारखे ध्वनी निघत होते. माणसाचं तोंड मुळातच केवढं मोठं वाद्य आहे, बघ.

आणि आपल्याकडे तर ते वाजवायची शिस्तच आहे. तबलजी हात लावायच्या आधी बोल तोंडाने म्हणतो. कथक नाचणारी मुलगी तुकडा नाचायच्या आधी त्याची पढंत करते, म्हणजे त्याचे बोल तालात म्हणून दाखवते. तीनताल घे: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. खालीच्या जागी धिंचं तिं का होतं? कारण तिथे बायाचा, म्हणजे डाव्या हाताच्या डग्ग्याचा, घुमारा थांबतो. तोंडाने म्हणतानाही तुझ्या गळ्याची गूंज तिथे थांबते, फक्त जीभ चालते. घुमारा कधी असावा आणि कधी नसावा हे त्या एका अक्षरात बांधून ठेवलंय. चांगला बीटबॉक्सरही याच गोष्टीच्या मागे असतो. बास कुठे काढून घ्यायचा, हे कळलं की ठेका श्वास घेऊ लागतो.

म्हणून उद्यापासून असं करून बघ. तानपुरा लाव आणि लय सावकाश ठेव, मिनिटाला सत्तर मात्रांच्या आसपास. हातावर टाळी-खाली देत तीनताल म्हण. मग तोच तीनताल बीटबॉक्सच्या आवाजांत काढ, पण खालीला किक पूर्ण गाळ. चार-पाच दिवसांत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, तुझ्या अंगात बसेल. आत्ता तुझ्या बीटमध्ये वेग असणार, पण सम डळमळत असणार, हे मी तुला न ऐकताही सांगू शकते. मोबाइलवरून शिकलेल्या बहुतेक मुलांचं तसं होतं, कारण समोर चूक धरणारं कोणी नसतं. त्यानंतर केरवा घे: धा गे ना ति, न क धि न. सिनेमाची कितीतरी गाणी या आठ मात्रांत बसतात. स्पर्धेत तुझ्या वाट्याला बहुधा हाच ताल येईल.

पुढची पायरी अवघड आहे आणि तुझं वेगळेपण तिच्यातच आहे. गाणं थांबवून मध्ये बीटबॉक्सिंगचा तुकडा टाकणं कोणालाही जमतं. लोक टाळ्या वाजवतात आणि गाणं कुठे होतं ते विसरतात. तू गाण्याच्या शब्दांतच ठेका शोध. "पाऊस" म्हणताना ओठ मिटून उघडतात, तिथे किक आयता मिळतो. "तारा"मधला त म्हणजे हाय-हॅट. "काळोख"मधला क म्हणजे स्नेअर. गाण्याची एक ओळ कागदावर लिही आणि प-ब, त-द, क-ख कुठे पडतात त्याखाली खुणा कर. त्यातली जी अक्षरं मात्रेवर पडतात तेवढीच उचल. बाकी ओळ शांतपणे सुरात गा. सुरुवातीला सूर हलेल, कारण किक मारताना पोटातून धक्का बसतो आणि तो वर गळ्यापर्यंत जातो. म्हणून आधी ओळ फक्त गुणगुणत किक मार, गुणगुणणं स्थिर झालं की शब्द घाल. क-स्नेअर आत श्वास ओढून काढायला शीक, म्हणजे तीच तुझी श्वास घ्यायची जागा होईल. गुरुजी तुला ओळीत श्वास कुठे चोरायचा ते शिकवतात ना? हे तेच आहे.

आवाजही इथलेच घे. नाशिक ढोल साऱ्या महाराष्ट्रात नावाजला जातो आणि तू तर गणपतीच्या मिरवणुकांत वाढला आहेस. ढोलाचा टिपरू पडल्यावर मागे जो घुमारा रेंगाळतो, तो तोंडाने काढून बघ. ताशाचा कडकडाट जिभेच्या टोकावर बसतो. वणीच्या गडाकडे जाताना लग्नाच्या वराती लागतात, तिथला संबळ ऐक. त्याच्या एका भांड्याचा आवाज खोल आणि दुसऱ्याचा तीक्ष्ण असतो. किक आणि स्नेअर, दोन्ही तिथे आहेत. हे आवाज मुंबईच्या स्टुडिओत दुसऱ्या कोणाकडे नसतील.

"बीटबॉक्सिंग वाढव" या सल्ल्याचं काय करायचं, याचं उत्तर आता तुझं तुलाच दिसेल. तू ते वाढवू नकोस, गाण्यात मुरव. दीड-दोन मिनिटांच्या गाण्यात केरव्याची चार आवर्तनं (तालाच्या चार फेऱ्या) उघडं बीटबॉक्सिंग पुष्कळ झालं. अमेरिकन आयडलच्या सहाव्या मोसमातला, २००७ सालचा ब्लेक लुइस बघ. सिएटलकडचा मुलगा, गायक आणि बीटबॉक्सर. स्पर्धेत येण्याआधी तो वाद्यांशिवाय गाणाऱ्या एका गटात कित्येक वर्षं घासून तयार झाला होता. बॉन जोव्ही या रॉक बँडच्या गाण्यांचा आठवडा होता तेव्हा त्याने एक रॉक गाणं उलगडून स्वतःच्या बीटवर पुन्हा बांधलं. ते गाणं लोकांच्या लक्षात राहिलं ते त्यातल्या बांधणीमुळे. इतर काही आठवड्यांत तो अगदी साधं, सरळ गायला. बीटबॉक्स नसतानाही तो उभा राहू शकत होता, म्हणूनच अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. तिथे जॉर्डिन स्पार्क्स जिंकली, तो दुसरा आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मोठ्या कंपनीकडून त्याचा अल्बम निघाला आणि पुढच्याच वर्षी कंपनीने त्याला सोडलं. तो मात्र गात राहिला. हा शेवटचा भागही लक्षात ठेव.

आपल्याकडे २०२२ साली इंडियाज गॉट टॅलेंट जिंकलं ते दिव्यांश आणि मनुराज या जोडीने, एक बीटबॉक्सर आणि एक बासरीवादक. बासरीने सूर धरला आणि तोंडाने ताल. तुझ्या बाबतीत दोन्ही कामं एकाच माणसाला करायची आहेत, त्यामुळे कुठे कोणी मागे सरायचं हे तुला दुप्पट विचार करून ठरवावं लागेल. एक बारीक गोष्ट: बीटबॉक्सर माइक मुठीत धरतात, गाताना तसा धरला तर आवाज कोंदतो. गाताना माइक चार बोटं लांब, किकच्या वेळी जवळ, ही ये-जा आरशासमोर रोज कर. तालमीच्या वेळी साउंडवाल्याला आधीच सांग की तू दोन्ही करणार आहेस, तो त्याप्रमाणे लावून देईल.

स्पर्धेला जा. माझं मत स्पष्ट आहे, जा. पण काय मिळवायला जातोस ते आधीच ठरव. मोठ्या वाद्यवृंदाबरोबर गाण्याची सवय, कॅमेऱ्यासमोर आपली पट्टी न सोडण्याचा धीर, दोन दिवसांत नवीन गाणं बसवण्याची घाई अंगवळणी पडणं, आणि चार चांगले वादक ओळखीचे होणं, हे तिथे मिळतं. नंबर मिळेलच असं नाही, आणि नंबर मिळाला म्हणून गाणं मिळतं असंही नाही. अरिजित सिंग २००५ साली फेम गुरुकुल या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत अंतिम फेरीच्या आधीच बाहेर पडला. त्याचं नाव घराघरात पोहोचायला २०१३ उजाडलं. मधली वर्षं तो स्टुडिओत इतरांच्या गाण्यांवर काम करत होता. आणि आपल्या मराठी लिटिल चॅम्प्सची पंचरत्नं तुझ्या आईला नक्की आठवत असतील: कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे, आर्या आंबेकर, रोहित राऊत, मुग्धा वैशंपायन. २००९ साली जिंकली एकटी कार्तिकी. पण २०२१ मध्ये त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या खुर्चीवर पाचही जण बसले होते. बारा वर्षांत एकानेही गाणं सोडलं नव्हतं.

कराराबद्दल. तू २० वर्षांचा आहेस, म्हणजे तुझी सही कायद्याने तुला बांधते. जागेवर, घाईत, रात्री अकराला शूटिंग संपल्यावर सही करायची नाही. प्रत आधी मागून घे आणि घरी आण. कार्यक्रम संपल्यावर किती महिने किंवा वर्षं तू दुसरीकडे गाऊ शकणार नाहीस, तुझ्या कार्यक्रमांचं मानधन कोण ठरवणार आणि त्यातला किती वाटा कापला जाणार, तू स्वतः बांधलेल्या चाली आणि बीट कोणाच्या मालकीचे होणार, आणि घरच्यांचं चित्रीकरण करायला तू आधीच संमती देतोयस का, ही कलमं शोध. शेवटचं तर आईच्या शेजारी बसूनच वाच. कॉपीराइट कायद्यात गायक-वादकाला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क दिलेले आहेत आणि २०१२च्या दुरुस्तीने ते आणखी पक्के झाले. पण करारात काय लिहून देतोस त्यावर पुष्कळ अवलंबून असतं. सीबीएसजवळ जिल्हा न्यायालयात बसणाऱ्या एखाद्या वकिलाला फी देऊन तो वाचायला दे. त्यात कंजुषी नको.

बाबांचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे, पण तो तू सोडवून त्यांच्यासमोर ठेवायला हवा. "काहीतरी होईल" असं म्हणू नकोस, त्यांना ते पटणार नाही, आणि माझ्या मते पटूही नये. ज्या घरात आठवड्यातून दोन-तीनदा दवाखान्याची वारी आहे, तिथे थोरल्या माणसाला नक्की काय ते कळायला लागतं. कॉलेजमध्ये प्राचार्यांना लेखी अर्ज देऊन हजेरी आणि अंतर्गत परीक्षांचं काय होईल ते विचार आणि उत्तरही लेखी घे. जमत नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच आहे. नोकरी करणाऱ्या माणसांना घरी अभ्यास करून पदवी घेता यावी म्हणून १९८९ साली ते सुरू झालं. आधीची दोन वर्षं तिथे कशी धरली जातील हे समक्ष जाऊन विचारून ये. मग बाबांना सांग की हा एकच मोसम, त्यानंतर पदवी पूर्ण. आणि तू नसशील त्या दिवशी आईला डायलिसिसला कोण नेणार, हे वारांसकट कागदावर लिहून त्यांच्या हातात दे. मला वाटतं त्यांना वर्षापेक्षा याचीच जास्त काळजी आहे, फक्त ते बोलत नाहीत.

आता गुरुजी. हे सगळ्यात मोठं काम, म्हणून शेवटी ठेवलं.

तुझ्या मध्यमाच्या प्रमाणपत्रावर गांधर्व महाविद्यालय मंडळाचं नाव असेल. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९३१ साली ते गेल्यावर त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ उभं केलं. आयुष्याच्या उत्तरार्धात पंडितजी आपल्या नाशिकला आले, रामनामात रमले, इथे आश्रम काढला. त्यांचा मुलगा, पुढे मोठा गवई झालेले दत्तात्रेय विष्णु पलुसकर, १९२१ साली नाशिकलाच जन्मले. वडील गेले तेव्हा हे बाळ जेमतेम दहा वर्षांचं होतं, आणि चौदाव्या वर्षी ते जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात गायलं. विष्णु दिगंबरांच्या आधी गाणं राजे-सरदारांच्या दिवाणखान्यात होतं. त्यांनी ते तिकीट काढून आलेल्या सामान्य माणसांसमोर नेलं. गाणं अनोळखी गर्दीसमोर न्यायचं आणि तरी त्याची अदब सोडायची नाही, हे त्यांनी करून दाखवलं. तू ज्या परंपरेत शिकलास तिच्या मुळाशीच ही गोष्ट आहे.

पण हे गुरुजींना ऐकवायला जाऊ नकोस. त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मोबाइलवरचा कोणाचा व्हिडिओही दाखवू नकोस. जा, पाया पड आणि पढंत शिकवा म्हण. "मला ठेका तोंडाने नीट म्हणायचाय, माझी सम हलते, तुम्ही धराल का?" एवढंच विचार. ते हातावर ताल धरतील आणि तू तीनताल म्हणशील. चुकलास की थांबवतील. तुझ्या बीटबॉक्सिंगला आजवर कोणी थांबवलेलं नाही, तुझी चूक कोणी धरलेली नाही, आणि त्याला नेमकी त्याचीच गरज आहे. दोन-चार वेळा असं झालं की मग एक दिवस त्यांना परवानगी विचारून तोच तीनताल ओठांवर काढून दाखव, खालीला घुमारा काढून घेऊन. त्यांना आवडेल असं मी तुला वचन देऊ शकत नाही. पण जे ऐकतील त्याला ते पत्रे म्हणणार नाहीत, एवढी खात्री वाटते. आणि नाहीच आवडलं, तर निदान ते कशाला नको म्हणतात हे तुला नेमकं कळेल. आत्ता दोघांनाही ते माहीत नाही.

मुंबईला पंचवटी एक्स्प्रेसने जाणार असशील तर आदल्या दिवशीच जा आणि ठाण्याला किंवा कल्याणला कोणा नातेवाइकांकडे राहा. तीन-साडेतीन तासांच्या प्रवासात एसीच्या कोरड्या हवेत घसा सुकतो, त्यात गप्पा मारल्या की उतरताना आवाज बसलेला असतो. गळ्याभोवती रुमाल गुंडाळ, कोमट पाण्याचा थर्मास जवळ ठेव, आणि डब्यात कोणी "जरा करून दाखव ना" म्हणालं तर नम्रपणे नाही म्हण. ऑडिशनसाठी दोन गाणी तयार ठेव, एक बीटबॉक्सिंगसह आणि एक त्याच्याशिवाय. त्यांनी काहीही मागितलं तरी आधी ते दुसरं, बीटबॉक्सिंगशिवायचं, गायला मिळतं का ते बघ.

गुरुजींकडे संध्याकाळी जाऊ नकोस, तेव्हा शिकवण्या असतात आणि इतर मुलांसमोर त्यांना काही बोलता येणार नाही. रविवारी सकाळी लवकर जा. आईची तब्येत त्या दिवशी बरी असेल आणि तिला वाटलं, तर तिलाही बरोबर ने. सातव्या वर्षी तुला पहिल्यांदा त्यांच्या दारात बहुधा तीच घेऊन गेली असेल.